दक्षिणेचं ऊन आणि कुत्र्याचा पासपोर्ट

डिसेंबर उजाडला, की इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बंदरांत एक वेगळीच वर्दळ सुरू होते. स्पेनला जाणाऱ्या बोटींसाठी मालवाहू ट्रकांची रांग लागलेली असते, आणि त्या रांगेत मधूनमधून पांढऱ्या, उंच, खिडक्यांना पडदे लावलेल्या गाड्या उभ्या असतात. या गाड्यांना मोटरहोम म्हणतात. म्हणजे चाकांवरचं घरच. आत झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, लहानसा फ्रीज, हात धुवायला बेसिन, संडास, आणि कपडे ठेवायला फडताळं. चालवणारं जोडपं बहुधा निवृत्त, साठी ओलांडलेलं. आणि पुढच्या काचेतून रांगेकडे टक लावून बघणारं तिसरं तोंड असतं कुत्र्याचं.

ही सगळी मंडळी इंग्लंडातला पाऊस, चार वाजता पडणारा काळोख आणि हाडात शिरणारा गारठा मागे टाकून दक्षिण स्पेनमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये दोन-तीन महिने ऊन खायला निघालेली असतात. बघणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष? पैसा आहे, गाडी आहे, रस्ते आहेत, निघाले. पण या साध्या दिसणाऱ्या सहलीमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. दक्षिणेचं ऊन, चाकांवरचं घर आणि सोबतचा कुत्रा या तीन गोष्टी एकत्र यायला वेळ लागला, आणि तिघांत सगळ्यांत उशिरा परवानगी मिळाली ती कुत्र्याला. ती का रखडली आणि कशी मिळाली, हे आज सांगायचं आहे. कारण ती गोष्ट शेवटी आपल्या गल्लीपर्यंत येऊन पोचते.

आधी उन्हाबद्दल. आपल्याकडे पूर्वी क्षयाच्या रोग्याला हवापालटासाठी मिरजेला किंवा पाचगणीला न्यायचे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांचं पाचगणी म्हणजे भूमध्य समुद्राचा फ्रेंच किनारा. आज तिथे लोक उन्हाळ्यात पोहायला जातात, पण त्या काळी तिथला हंगाम हिवाळ्याचा होता. उन्हाळा लागला की हॉटेलांना टाळं लागायचं.

त्यातल्या कान या गावाचा जन्म कसा झाला, ते ऐकण्यासारखं आहे. १८३४ सालच्या डिसेंबरात इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर लॉर्ड ब्रूम आपल्या आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाले होते. तेव्हा फ्रान्सची हद्द वार नदीपाशी संपायची, पलीकडे सार्डिनियाचं राज्य. फ्रान्सच्या दक्षिण भागात कॉलऱ्याची साथ होती, म्हणून सार्डिनियाच्या लोकांनी नदीवर प्रवाशांना अडवलं. भलामोठा माजी मंत्री, पण साथीपुढे त्याचंही काही चाललं नाही. ब्रूमसाहेब मागे फिरले आणि कान नावाच्या कोळ्यांच्या खेड्यात उतरले. तिथलं ऊन आणि समुद्र त्यांना इतका मानवला, की त्यांनी तिथेच बंगला बांधला, पुढची तीस-बत्तीस वर्षं ते येत राहिले आणि १८६८ साली तिथेच वारले. त्यांच्या पाठोपाठ इंग्लंडातली बडी मंडळी आली. १८६३ साली रेल्वे कानला पोचली, पुढच्या वर्षी नीसला. १८८२ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणी मांताँला येऊन राहिली आणि नंतर १८९५ पासून सलग पाच वर्षं वसंताच्या तोंडाशी नीसला आली. तिच्या लवाजम्यात तिचे भारतीय सेवकही असत.

म्हणजे बघा, इंग्रजांचं हे हवापालटाचं गाव वसलं ते एका क्वारंटाइनमुळे. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे. पण तेव्हाचं दक्षिणेचं ऊन श्रीमंतांचं होतं. महिनोन् महिने हॉटेलात राहायचं, नोकरचाकर न्यायचे, हे कारकुनाला आणि शाळामास्तराला स्वप्नातही परवडणारं नव्हतं.

आता घराकडे येऊ. केवळ मौजेसाठी चाकांवरचं घर बांधून हिंडणारा पहिला प्रसिद्ध माणूस म्हणजे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. हा स्कॉटिश गृहस्थ इंग्लंडच्या आरमारात सर्जन होता, आणि निवृत्तीनंतर मुलांसाठी साहसकथा लिहीत असे. भटक्या जिप्सी लोकांचे तांडे बघून त्याला वाटलं, आपणही असं राहावं. ब्रिस्टॉलच्या एका वॅगन कारखान्याकडून त्याने एक गाडी बांधून घेतली आणि तिला नाव दिलं 'वाँडरर', म्हणजे भटकी. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. १८८५ च्या उन्हाळ्यात तो लंडनच्या पश्चिमेच्या ट्वायफर्ड गावाहून निघाला आणि तेराशे मैल कापत स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला पोचला. बरोबर एक गाडीवान, एक नोकर, एक पोपट आणि 'हरिकेन बॉब' नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा दांडगा कुत्रा. नोकर तीन चाकी सायकलीवरून पुढे जायचा आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांना इशारा द्यायचा. पुढच्याच वर्षी स्टेबल्सने या प्रवासावर पुस्तक लिहिलं. इंग्लंडात १९०७ साली कॅरॅव्हान क्लब निघाला, तेव्हा त्याला मानाने उपाध्यक्ष करण्यात आलं.

स्टेबल्स उत्तरेला गेला, दक्षिणेला नाही. घोड्यांच्या गाडीने समुद्र ओलांडून स्पेन गाठणं अशक्यच होतं. पण घर आणि कुत्रा यांची जोडी त्याने जमवून दिली, आणि ती पुढे कायम राहिली. कारण उघड आहे. हॉटेल कुत्र्याला दारात उभं करत नाही, आगगाडीत त्याची अडचण होते. आपलं घर आपल्याबरोबर असेल, तर कुत्र्याला कोण नाही म्हणणार?

याच १८८५ सालच्या उन्हाळ्यात, ६ जुलैला, पॅरिसमध्ये लुई पाश्चरच्या प्रयोगशाळेत एक नऊ वर्षांचा पोरगा आणला गेला. जोसेफ माइस्टर त्याचं नाव. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे लचके तोडले होते. त्या काळी याचा अर्थ एकच होता. पाश्चरने त्याला आपली नवी लस टोचायला सुरुवात केली आणि पोरगा वाचला. हरिकेन बॉब इंग्लंडच्या रस्त्यांवर भटकत होता त्याच ऋतूत पॅरिसमध्ये हे घडलं. पण या लशीचा उपयोग कुत्र्याला प्रवासाची मोकळीक देण्यासाठी व्हायला अजून शंभराहून अधिक वर्षं जायची होती.

कारण इंग्लंडने दुसराच मार्ग धरला. तिथे तेव्हा पिसाळलेल्या कुत्र्यांचा बराच उपद्रव होता. १८९५ मध्ये शेतीखात्याचे मंत्री झालेल्या वॉल्टर लाँग यांनी हुकूम काढला, की ठरावीक भागांत प्रत्येक कुत्र्याच्या तोंडाला मुसकी बांधलीच पाहिजे. आपल्याकडे मळणीच्या बैलाला बांधतात ना, तशीच. श्वानप्रेमी खवळले, मंत्र्याला शिव्याशाप देणारी पत्रं आली. पण १८९७ साली बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवरही निर्बंध आले, आणि १९०२ पर्यंत इंग्लंडातून रेबीज नाहीसा झाला. बाहेरून येणारा कोणताही कुत्रा सहा महिने सरकारमान्य कोंडवाड्यात ठेवायचा, हा नियम तेव्हापासून पक्का झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, युरोपातून आलेल्या कुत्र्यांबरोबर हा रोग डेव्हन आणि कॉर्नवॉल परगण्यांत पुन्हा शिरला. घरी परतणाऱ्या सैनिकांनी ते चोरून आणले असावेत, असं मानलं जातं. १९२२ पर्यंत तो पुन्हा हटवला गेला. पण त्यामुळे सरकारचं मत आणखी घट्ट झालं, की दार उघडायचं नाही.

दार बंद ठेवणं यशस्वी झालं होतं, हे मान्य करायला हवं. इंग्लंडच्या मुलांना रस्त्यावरच्या कुत्र्याची भीती उरली नाही. पण बंद दाराची किंमतही होती. तुमचा कुत्रा तुमच्याबरोबर एकदा इंग्लिश खाडी ओलांडून गेला, की परत येताना सहा महिने तो जाळीच्या आड. म्हातारा कुत्रा असेल, तर त्याच्या उरल्या आयुष्यातला केवढा मोठा तुकडा! परदेशात नोकरी करणारे, सैनिक, वकिलातीतले अधिकारी सगळेच यात भरडले जात. १९६८ साली नटी एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन लंडनला आले, तेव्हा त्यांनी थेम्स नदीत एक मोठी बोट नांगरून ठेवली, ती आपल्या कुत्र्यांसाठी. कुत्रे बोटीवर, म्हणजे इंग्लंडच्या भूमीवर नाहीत, म्हणजे क्वारंटाइन नाही! पण असली पळवाट परवडायची ती नटनट्यांना.

दरम्यान घर मोटारीचं झालं होतं. फोक्सवागन कंपनीची डबडी व्हॅन १९५० मध्ये बाजारात आली आणि १९५१ पासून वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने तिच्यात पलंग, टेबल, कपाटं बसवून द्यायला सुरुवात केली. या गाड्या पुढे हिप्पींनी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानातून थेट आपल्या गोव्यापर्यंत आणल्या. १९७९ साली इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं रशियन आक्रमण यांनी तो रस्ता बंद केला, तोपर्यंत गोव्याचे किनारे हे त्यांच्यासाठी हिवाळ्यातलं दक्षिण टोक होतं.

अमेरिकेत जॉन स्टाइनबेक या लेखकाने सप्टेंबर १९६० मध्ये अशीच एक गाडी बांधून घेतली आणि चार्ली नावाच्या आपल्या पूडल कुत्र्याला घेऊन देशाची प्रदक्षिणा केली. गाडीचं नाव ठेवलं रोसिनान्ते, म्हणजे स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किहोतेचा घोडा. १९६२ मध्ये त्यांचं या प्रवासावरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी त्यांना नोबेलही मिळालं. त्या पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. नायगाऱ्यापाशी त्यांना कॅनडात शिरायचं होतं. पण चार्लीला रेबीजची लस टोचल्याचा दाखला जवळ नव्हता. कॅनडात गेलात, तर परत येताना अडचण येईल, असं कळल्यावर एवढा मोठा लेखक निमूट मागे फिरला. वार नदीवर लॉर्ड ब्रूम अडले होते, इथे स्टाइनबेक अडले. फरक इतकाच, की या वेळी सुटकेचा उपाय उपलब्ध होता. एक टोचणी आणि एक कागद.

मग इंग्लंडने तो कागद का स्वीकारला नाही? कारण युरोपात त्याच सुमारास रेबीज पुढे सरकत होता. कुत्र्यांमधून नव्हे, कोल्ह्यांमधून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या बाजूला सुरू झालेली ही साथ वर्षाला वीस ते साठ किलोमीटर वेगाने पश्चिमेला येत १९६८ मध्ये फ्रान्समध्ये पोचली. १९६९ मध्ये तर इंग्लंडातल्या कॅम्बर्ली गावात, जर्मनीहून आणलेला आणि सहा महिन्यांचं क्वारंटाइन पुरं करून सुटलेला एक कुत्रा काही दिवसांतच पिसाळला. देशभर हाहाकार उडाला. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा सुरू झाला, तेव्हा त्यातून कोल्हे चालत येऊ नयेत म्हणून कुंपणं आणि विजेचे अडथळे बसवावे लागले होते.

आता उत्तर कुठून आलं पहा. जंगलातल्या कोल्ह्याला धरून सुई कशी टोचणार? १९७८ च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शास्त्रज्ञांनी कोंबड्यांची मुंडकी जंगलात टाकली. प्रत्येक मुंडक्यात तोंडावाटे देण्याच्या लशीची कुपी होती. कोल्ह्यांनी मुंडकी चावली, लस पोटात गेली आणि साथीची वाटचाल त्या खोऱ्यात थांबली. नंतर खास आमिषाच्या वड्या बनवून त्या हेलिकॉप्टर आणि विमानांतून टाकण्यात आल्या. २००१ मध्ये फ्रान्स रेबीजमुक्त जाहीर झाला. आपल्या दारापुढची साथच विझत चालली आहे म्हटल्यावर दार बंद ठेवण्याचं कारण उरेना. १९९८ मध्ये इंग्लंडात शास्त्रज्ञांच्या समितीने सांगितलं, की कातडीखाली ओळखीची चिप, लस आणि रक्ततपासणी एवढं केलं तर सहा महिन्यांच्या कोंडवाड्याची गरज नाही. २८ फेब्रुवारी २००० रोजी ही योजना सुरू झाली. २००४ मध्ये युरोपीय संघाने पाळीव प्राण्यांचा एकसारखा पासपोर्ट आणला, आणि २०१२ पासून इंग्लंडने रक्ततपासणीची अटही काढली. चिप, लस आणि एकवीस दिवस थांबणं, बस्स.

स्पेनची दारंही याआधीच उघडली होती. १९७५ मध्ये हुकूमशहा फ्रँको वारला. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या प्लिमथहून स्पेनच्या सांतांदेरला मोटारी वाहणारी बोट सुरू झाली. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल युरोपीय समूहात आले, १९९१ मध्ये दोघांच्या मधल्या ग्वादियाना नदीवर पूल झाला, आणि १९९५ पासून त्यांच्या सीमेवर पासपोर्ट दाखवणंही थांबलं. ऊन, घर आणि कुत्रा या तिन्ही वाटा अशा एका ठिकाणी येऊन मिळाल्या.

हे सारं मला जवळून बघायला मिळालं ते २०१९ च्या फेब्रुवारीत. माझी भाची इंग्लंडात असते. ती, भाचेजावई आणि त्यांचा नऊ वर्षांचा लॅब्राडोर मोत्या असे तिघे महिनाभर निघाले होते आणि म्हणाले, "मामा, तुम्हीही चला." पोर्ट्समथला बोटीत चढलो. मोत्याजवळ निळ्या मुखपृष्ठाचा पासपोर्ट होता आणि त्याला व्हिसा लागत नव्हता. मला पासपोर्टही लागत होता, व्हिसाही, आणि व्हिसासाठी बँकेचे कागद, विम्याचे कागद, परतीचं तिकीट, सगळंच द्यावं लागलं होतं. मोत्याची पत माझ्यापेक्षा मोठी ठरली, असं म्हणून आम्ही वाटभर हसलो.

सांतांदेरहून अल्मेरिया हजारेक किलोमीटर. बुर्गोसच्या पठारावर सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाची साय धरलेली. माद्रिद मागे पडलं, देस्पेन्यापेरोसची खिंड उतरलो आणि अंदालुसिया सुरू झाला. डोंगरउतारावर ऑलिव्हच्या रांगा, मध्येच फुललेले बदाम. डावीकडे उजवीकडे बघत, सिएरा नेवाडाची बर्फाची शिखरं ओलांडून अल्मेरियाच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दुपारी स्वेटर काढावा लागला. युरोपातला हा सगळ्यांत कोरडा मुलूख. आपल्या माणदेशासारखा उघडाबोडका, खुरटी झुडपं, तांबूस टेकड्या. एका बाजूला प्लॅस्टिकच्या पांढऱ्या छताखालची मैलोन् मैल भाजीची शेती, आणि दुसऱ्या बाजूला काबो दे गाताचं राखीव रान.

तिथे गाड्यांच्या तळावर रोजचं जगणं अगदी चाळीसारखं होतं. सकाळी पाण्याची टाकी भरायची, सांडपाणी ठरलेल्या जागी सोडायचं, संडासाची पेटी रिकामी करायची, गॅसची टाकी किती उरली ते बघायचं. शेजारी डच, पलीकडे जर्मन, समोर फ्रेंच. कुणी लिंबं आणून देई, कुणी वाचून झालेली पुस्तकं. तळाबाहेर रस्त्यावर गाडी लावली, तर स्पेनचा एक मजेशीर नियम आहे. गाडी नुसती उभी करून आत झोपलात तर ते पार्किंग, पण बाहेर खुर्ची मांडलीत किंवा छत्री-पडदा पसरलात तर तो मुक्काम, आणि त्याला दंड. बहुतेक माणसं निवृत्त होती. एकट्या बाया होत्या, एकटे पुरुषही होते. त्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं, की त्यांचे यजमान गेल्यापासून त्या कुत्र्याशिवाय कुठे जातच नाहीत. कुत्रा येऊ शकत नसता, तर त्यांनी हिवाळा घरात कोंडून काढला असता. सरकारी नियमाचा माणसाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, ते त्या एका वाक्यात मला कळलं.

दक्षिणेत कुत्र्याला धोकेही आहेत. फेब्रुवारीत पाइनच्या झाडांवरून सुरवंटांची आगगाडी खाली उतरते, एकामागे एक. त्यांच्या केसांना कुत्र्याने तोंड लावलं, तर जीभ सडण्यापर्यंत पाळी येते. दुसरा धोका वाळूमाशीचा. तिच्या चाव्यातून लेश्मानिया नावाचा परजीवी कुत्र्याच्या अंगात जातो. हे नाव आपल्या ओळखीचं आहे. बिहार-बंगालमधला काळा आजार याच कुळातला. डमडमच्या छावणीत आजारी पडून दगावलेल्या सैनिकाच्या शरीरात विल्यम लेश्मन यांना आणि मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना तो जंतू सापडला. दोघांचे निबंध १९०३ सालचे. स्पेनमधला कुत्र्याचा आजार त्याचाच भाऊबंद. थंडीत वाळूमाशी फारशी नसते, तरीही मोत्याच्या गळ्यात औषधी पट्टा होता.

परत निघायच्या आदल्या दिवशी आम्ही गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. इंग्लंडात शिरण्याआधी एक ते पाच दिवसांच्या आत कुत्र्याला जंताची गोळी द्यावीच लागते, कारण कोल्ह्यांमधून येणारा एक घातक जंत इंग्लंडात नाही. डॉक्टरीणबाईंनी चिपचा नंबर तपासला, गोळी भरवली आणि पासपोर्टात तारीख, वेळ घालून शिक्का मारला. बंदरावर पुन्हा चिप तपासली. सगळा मामला दोन मिनिटांचा. शंभर वर्षं ज्यासाठी सहा महिने जाळीआड काढावे लागत, ते काम दोन मिनिटांत झालं.

मिळालेली मोकळीक कायमची असते असंही नाही. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडात दिलेले कुत्र्यांचे पासपोर्ट युरोपात चालेनासे झाले. दर प्रवासाला नवा आरोग्यदाखला काढणं आलं, आणि तो निघण्याआधी दहा दिवसांच्या आतला हवा. माणसांवरही बंधन आलं, एकशेऐंशी दिवसांत फक्त नव्वद दिवस. मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी कुत्र्यांचे पासपोर्ट पुन्हा सुरू करण्याचं जाहीर केलं. हा चढउतार रोगामुळे झाला नाही, राजकारणामुळे झाला. रोगाचं उत्तर शास्त्राने आधीच दिलं होतं.

आता आपल्या गल्लीकडे येऊ. भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा झाला, तर लशीनंतर महिनाभराने रक्ततपासणी, आणि त्यानंतर तीन महिने थांबावं लागतं. परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांना हे माहीत आहे. यात कुणी आपला अपमान मानू नये. रेबीज आपल्याकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं या रोगाने मरतात. त्यातली बहुतेक आशिया आणि आफ्रिकेतली, आणि त्यांत मुलं पुष्कळ.

आपल्या पिढीला पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असे. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत ती १९११ मध्ये तयार केली आणि २००५ च्या सुमारास ती आपल्याकडे बंद झाली. आता दंडात चार-पाच टोचण्या पुरतात. पण ती चावल्यानंतरची धावपळ झाली. चावण्याआधी काय? आपण याबाबतीत दोनच टोकं धरतो, कुत्रे मारा किंवा कुत्र्यांना हात लावू नका. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये सरकारने भटकी कुत्री मारायला माणसं लावली, तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली, इतरही त्यात सामील झाले. हा वाद आजही संपलेला नाही. २०२५ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयातही गाजला.

तिसरी वाट आपल्या शेजारीच आहे. गोव्यात २०१४ पासून 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारच्या मदतीने गावोगाव जाळी घेऊन कुत्रे पकडले, लस टोचली, डोक्याला रंगाची खूण केली आणि तिथेच सोडून दिले. दरवर्षी जवळपास लाखभर कुत्रे. शाळांतून मुलांना शिकवलं. काही वर्षांतच कुत्र्यांमधला रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला आणि २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' राज्य म्हणून जाहीर झालं. कोल्ह्यांना मुंडकी टाकणाऱ्या स्विस शास्त्रज्ञांचंच हे तत्त्व. परिसरातल्या साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली, की साथीची साखळी तुटते.

२८ सप्टेंबर हा पाश्चरचा मृत्युदिन, म्हणूनच तो जागतिक रेबीज दिन. २०२१ साली त्याच दिवशी आपल्या सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा जाहीर केला. वर्षं थोडी उरली आहेत. नगरपालिकेची लसीकरणाची गाडी वस्तीत येईल, तेव्हा आपण पोळी टाकतो तो दारातला कुत्रा धरून द्यायला चार माणसं पुढे आली, तरी पुष्कळ काम होईल. त्याला स्पेनला जायचं नाही. पण त्याच रस्त्याने सकाळी आपली मुलं शाळेत जातात.